मासळीचें विष आणि तुपाची वाटी

तासगांवास भाद्रपदांत जे पाहुणे येतात ते रथासाठीं येतात. चतुर्थीस बसलेला गणपति दुसरे दिवशीं, ऋषिपंचमीस, विसर्जनास निघावयाचा, आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या काळच्या देवळापुढें, त्या सात मजली गोपुराखालीं, रथाच्या दोरांस हजारों हात लागावयाचे, ही रीत दोन शतकांहून अधिक काळ चालत आलेली आहे. त्यामुळें चतुर्थीच्या दिवशीं आमच्या घरीं पंगतीवर पंगत उठते. मोदकांच्या उकडीपासून तुपाच्या भांड्यापर्यंत सर्व कारभार थोरल्या काकूंच्या हातीं असतो, आणि चिपळुणास दिलेल्या आमच्या आत्याबाई कुंभार्लीचा घाट चढून त्यांच्या मदतीस न चुकतां येतात.

गेल्या खेपेस पंगतींत बोलणें निघालें तें आत्याबाईंच्या गांवाकडचें. सांगलीस रसायनशास्त्र शिकणारा आमचा पुतण्या वाढतां वाढतां त्यांस म्हणाला, "आत्याआजी, तुमच्या दाभोळच्या खाडींतले मासे आतां तपासून बघायला हवेत." आत्याबाईंनीं मोदक फोडला, त्यांत तुपाची धार धरली आणि शांतपणें उत्तर दिलें, "ज्यांना खायचे त्यांनीं तपासावे, बाबा. आमच्या घरांत सात पिढ्यांत कुणी मासा शिवला नाहीं. आम्हांला त्याचें काय?" पोरगा क्षणभर थांबला व तुपाच्या वाटीकडे बोट करून म्हणाला, "त्याचें उत्तर या वाटींत आहे." झालें! सणाच्या दिवशीं, पानावर बसलेल्या माणसाच्या तुपास नांव ठेवणें काकूंच्या शास्त्रांत बसत नाहीं. हातांतील पातेलें खालीं ठेवून पुतण्यास माजघरांतून बाहेर जावें लागलें.

आत्याबाईंचा प्रश्न मात्र आमच्या मनांतून गेला नाहीं. हा प्रश्न त्यांच्या एकटीचा नव्हे. समुद्रांतील माशांच्या अंगीं विष सांठतें अशी बातमी वाचली कीं आमच्यासारख्या शाकाहारी घरांतून हाच उद्गार निघतो, आणि वर्तमानपत्राचें पान उलटलें जातें. त्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना जें हातीं लागलें तें येथें वाचकांपुढें ठेवतों.

विष म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें बचनाग येतो. खाल्लें कीं घटकाभरांत निकाल! परंतु येथें ज्याचा विचार करावयाचा तें विष निराळ्या स्वभावाचें आहे. शरीरांत शिरलेल्या बहुतेक परक्या पदार्थांची यकृत मोडतोड करतें आणि मूत्रावाटे त्यांची बोळवण होते. कांहीं कृत्रिम पदार्थ असे आहेत कीं त्यांच्या अणूंची जडण यकृतास फोडतां येत नाहीं, मातींतील जंतूंस फोडतां येत नाहीं, उन्हासही ती सहजीं दाद देत नाहीं. पाण्यांत ते विरघळत नाहींत म्हणून मूत्रावाटे जात नाहींत. चरबींत मात्र उत्तम विरघळतात, म्हणून चरबींतच घर करून राहतात. या कुळांतील सर्वांत प्रसिद्ध पुरुष म्हणजे डीडीटी. तो प्रयोगशाळेंत प्रथम तयार झाला १८७४ सालीं. पण त्यानें कीटक मरतात हा शोध स्वित्झर्लंडमधील पॉल म्युलर यांस १९३९ सालीं लागला, आणि त्याबद्दल १९४८ चें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें.

हें विष पाण्यांतून माशांत कसें चढतें याचा पहिला स्पष्ट धडा समुद्रावर मिळाला नाहीं, एका तळ्यावर मिळाला. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांत क्लिअर लेक म्हणून सरोवर आहे. तेथें गळ टाकून मासे धरणाऱ्या हौशी मंडळींस बारीक माश्यांचा फार उपद्रव होई. त्या चावतही नसत, केवळ त्रास देत! म्हणून १९४९, १९५४ व १९५७ अशा तीन सालीं तळ्यांत डीडीटीचाच भाऊबंद जो डीडीडी, तो ओतण्यांत आला. प्रमाण अगदीं बेताचें. शेवटच्या दोन खेपांस पांच कोटि भाग पाण्यास एक भाग. लवकरच तळ्यावरील ग्रीब नांवाचे, बुडी मारून मासे धरणारे पक्षी शेंकड्यांनीं मरूं लागले. रोग कांहीं सांपडेना. शेवटीं कोणाच्या तरी मनांत पक्ष्यांची चरबी तपासावी असें आलें, आणि तींत दहा लक्ष भागांत १६०० भाग विष निघालें. पाण्याच्या मानानें हें ऐशीं हजार पट!

मग उलगडा झाला. पाण्यांत तरंगणारे, साध्या डोळ्यांस न दिसणारे जे जीव असतात, ज्यांस प्लवक म्हणतात, त्यांनीं पाण्यांतील विष शोषून घेतलें. त्यांच्यांत तें दहा लक्षांत ५ भाग झालें. लहान मासा जन्मभर असे लक्षावधि प्लवक खातो. त्यांचें मांस त्याच्या अंगीं लागून खर्ची पडतें, पण विष खर्ची पडत नाहीं. मोठा मासा असे शेंकडों लहान मासे खातो, पक्षी मोठा मासा खातो, आणि प्रत्येक पायरीवर ही ठेव वाढत जाते. सावकाराच्या चक्रवाढीचा हिशेब ज्यांनीं पाहिला असेल त्यांस हें अधिक समजावून सांगावयास नको. तळ्यावर पूर्वीं ग्रीब पक्ष्यांचीं हजारांवर जोडपीं घरटीं करीत. १९६० च्या सुमारास तीं तिसांच्या घरांत आलीं. रेचेल कार्सन या विदुषींनीं १९६२ सालच्या आपल्या गाजलेल्या ग्रंथांत ही हकीगत सांगितली, आणि डीडीटीच्या कीर्तीस पहिला मोठा डाग लागला.

तळ्याचें समुद्रास तसेंच लागू पडतें, मात्र पसारा फार मोठा. आमच्या तालुक्यांतून वाहणारी येरळा घ्या. वर्षांतून बहुतेक दिवस तिच्या पात्रांत वाळूच दिसते. पण पावसाळ्यांत ती ब्रह्मनाळजवळ कृष्णेस मिळते, आणि कृष्णा आलमट्टी, श्रीशैल, नागार्जुनसागर अशीं धरणें ओलांडीत बंगालच्या उपसागरास जाते. शेतांतील टिकाऊ विष मातीच्या कणास चिकटून प्रवास करतें. कांहीं धरणांच्या गाळांत बसतें, कांहीं समुद्रापर्यंत पोंचतें. दुसरी वाट वाऱ्याची. उष्ण देशांत हे पदार्थ उन्हानें थोडे थोडे उडतात, वाऱ्याबरोबर जातात, थंड हवा लागली कीं खालीं उतरतात, पुन्हां उडतात. अशा उड्या घेत घेत ते ध्रुवप्रदेशाकडे जाऊन तेथें मुक्काम करतात. दक्षिण ध्रुवाकडील पेंग्विन पक्ष्यांच्या शरीरांत डीडीटी असल्याचें १९६६ सालीं प्रसिद्ध झालें. ज्या भूमीवर शेत नाहीं, मलेरिया नाहीं, फवारणीचा पंप कधीं गेला नाहीं, त्या भूमीवरील हे पक्षी! अरबी समुद्राचीही झडती झाली आहे. गोव्यास दोनापावल येथें १९६६ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनीं अरबी समुद्रांतील प्राणिप्लवकांत डीडीटी सांपडल्याचा निबंध १९७८ सालीं प्रसिद्ध केला. म्हणजे वर सांगितलेल्या शिडीची पहिली पायरी आपल्या समुद्रांतही भरलेली होती.

खोल पाण्यांत तरी निर्मळता असेल असें कोणास वाटेल. पॅसिफिक महासागरांत मारियाना गर्ता म्हणून पृथ्वीवरील सर्वांत खोल जागा आहे. आपला एव्हरेस्ट तींत बुडवला तर त्याच्या शिखरावर दोन किलोमीटर पाणी उरेल. तेथून वर काढलेल्या कोळंबीसारख्या बारीक जीवांत पीसीबी नांवाचे पदार्थ विपुल आढळल्याचें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. हे पीसीबी विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलांत घालीत असत. चीनमधील एका अत्यंत दूषित नदीच्या पाण्यावर पिकणाऱ्या भातखाचरांतील खेंकड्यांच्या पन्नास पट विष, दहा किलोमीटर खोल अंधारांत राहणाऱ्या या जीवांत होतें. समुद्राच्या पृष्ठभागावर जें मरतें तें तळाशीं जातें, आणि त्याच्या चरबीबरोबर हाही माल जातो.

पाऱ्याची गोष्ट याहून जुनी व अधिक दुःखद आहे. पारा हें मूलद्रव्य, तेव्हां त्याचें विघटन होण्याचा प्रश्नच नाहीं. जपानांत मिनामाता येथील एक कारखाना पारायुक्त सांडपाणी उपसागरांत सोडीत असे. प्रथम तेथील मांजरें वेड्यासारखीं गरगर फिरूं लागलीं, मग माणसें. १९५६ च्या मे महिन्यांत या रोगाची सरकारी नोंद झाली, पण सांडपाणी थांबण्यास १९६८ साल उजाडलें. ज्या आयांस स्वतःस फारसें कांहीं झालें नव्हतें त्यांच्या पोटीं पंगु व मतिमंद मुलें जन्मलीं, कारण आईच्या शरीरांतील पारा गर्भानें ओढून घेतला होता. आपल्याकडे कल्याणजवळच्या उल्हास नदीच्या मुखाच्या गाळांत पाऱ्याचा सांठा किती आहे याचें संशोधन समुद्रविज्ञान संस्थेच्याच मुंबई केंद्रानें केलें व तें २००३ सालीं प्रसिद्ध झालें. कॉस्टिक सोडा करण्याची जुनी पाऱ्याची रीत त्यास मुख्यतः कारण होती. ती रीत आतां बहुतेक कारखान्यांनीं सोडली आहे. गाळ मात्र जागच्या जागीं आहे.

येथपर्यंत आत्याबाई म्हणतील, हें सर्व मासे खाणाऱ्यांचें पुराण झालें. म्हणून आतां तुपाकडे वळूं.

डीडीटी आपल्या घरांत आला तो उपकारकर्ता म्हणून, हें आधीं मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. देश स्वतंत्र झाला त्या वेळीं वर्षास सुमारें साडेसात कोटि लोक हिंवतापानें आजारी पडत व आठ लक्ष मरत, असा अंदाज होता. मुंबई इलाख्यानें १९४६ पासूनच कारवार व धारवाडकडे डीडीटीची फवारणी करून पाहिली होती. १९५३ सालीं सर्व देशांत मोहीम निघाली. पाठीवर पंप घेतलेले फवारणीवाले गांवोगांव आले, भिंतींवर पांढरे डाग पडले, दारावर तारीख लिहिली गेली. कित्येक घरच्या गृहिणींनीं दुसऱ्याच दिवशीं त्या डागांवरून शेणामातीचा पोतेरा फिरवला तो भाग वेगळा! १९६५ च्या सुमारास रुग्णांची संख्या लाखभरावर आली. पुढें ती पुन्हां वाढली. पण त्या पहिल्या बारा वर्षांत जीं माणसें वांचलीं त्यांत आमच्यापैकीं पुष्कळांचे आईबाप असतील. हा हिशेब विसरून डीडीटीस नुसत्या शिव्या देणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं.

चूक झाली ती पुढें. भिंतीसाठीं आणलेली पूड गोठ्यांत गेली. गोचीड मरावेत म्हणून गुरांभोंवतीं फवारली गेली. तिची बहीण जी बीएचसी, जिला खेड्यांतून गॅमेक्सीन म्हणत, ती तर धान्याच्या व कापसाच्या शेतांत पोत्यांनीं उधळली गेली. कडब्यावर, पेंडींत, सरकींत तिचे अंश राहिले. म्हशीनें तो कडबा खाल्ला. तळ्यांतील लहान माशाच्या जागीं येथें म्हैस आली, इतकाच फरक. आणि म्हशीच्या चरबींतील माल बाहेर पडण्याची मुख्य वाट म्हणजे दूध.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें बारा राज्यांतून गाईम्हशींच्या दुधाचे २२०५ नमुने जमवून तपासले. त्याचा वृत्तांत १९९३ सालीं बाहेर आला. शेंकडा ८२ नमुन्यांत डीडीटीचे अंश होते. किलोभर दुधांत ०.०५ मिलिग्रॅम ही त्या वेळची सोसण्याजोगी मर्यादा. ती शेंकडा ३७ नमुन्यांनीं ओलांडली होती. आणि मर्यादा ओलांडणाऱ्या नमुन्यांचें प्रमाण ज्या राज्यांत सर्वांत अधिक निघालें तें राज्य आमचें, महाराष्ट्र. येथें शेंकडा ७४. त्याखालोखाल गुजरात, शेंकडा ७०. एका नमुन्यांत तर हा अंश किलोस २.२ मिलिग्रॅमपर्यंत गेला होता.

सुगृहिणींनीं आतां थोडें गणित करावें. डीडीटी पाण्यांत राहत नाहीं, स्निग्धांशांत राहतो. गाईच्या दुधांत शंभरांत चार भाग स्निग्धांश धरला तर किलोभर तूप निघण्यास पंचवीस किलो दूध लागतें. ताक निथळून जातें, पाणी उडून जातें. दुधांतील डीडीटीचा मोठा हिस्सा लोण्यावाटे त्या एका किलोंत येतो. म्हणजे दूध अगदीं मर्यादेवर, ०.०५ वर असेल, तर तूप १.२५ मिलिग्रॅमच्या आसपास जाईल. म्हशीच्या दुधांत स्निग्धांश अधिक, म्हणून पट कमी. पण पट चुकत नाहीं. लोणी कढवल्यानें हा पदार्थ पुरता नाहींसा होत नाहीं. ग्रीब पक्ष्यानें मासा खाऊन जें केलें तेंच आपण रवी, लोणी व कढई यांच्या द्वारें घरीं करीत होतों, आणि शुद्ध तुपाच्या अभिमानानें करीत होतों. आमच्या पुतण्याच्या बोटाचा अर्थ हा होता. दिल्लींतील लोकांच्या शरीरांतील चरबी १९६५ च्या सुमारास तपासली तेव्हां तींत दहा लक्षांत पंचवीसांहून अधिक भाग डीडीटी सांपडला, तो कांहीं मासे खाऊन आलेला नव्हे.

काकूंच्या समाधानासाठीं लगेच सांगितलें पाहिजे कीं हे आंकडे जुने आहेत. शेतींत डीडीटी वापरण्यास १९८९ सालीं बंदी झाली, बीएचसी १९९७ पासून बंद झाली, आणि त्यानंतरच्या तपासण्यांत दुधांतील अंश उतरत गेले. आजच्या तुपाची धार निःशंक मनानें धरावी. आमचें म्हणणें इतकेंच कीं त्या चाळीस वर्षांत आमच्या घरांतील कोणास याची कल्पनाही नव्हती. आणि ती तपासणी झाली नसती तर आजही नसती.

येथें तासगांवकर वाचक द्राक्षांचें नांव काढतीलच, म्हणून दोन शब्द. आमच्या तालुक्याचें नांवच तास-ए-गणेश या द्राक्षाच्या जातींत गुंफलेलें आहे, आणि येथील बेदाण्याचे सौदे देशभर ठाऊक आहेत. २०१० सालीं युरोपांत गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट, म्हणजे बागाइतदार ज्यास लिहोसिन म्हणतात तो वेलीची वाढ आवरणारा पदार्थ, ठरल्याहून अधिक निघाला, माल अडकून पडला आणि नाशिक व सांगलीकडील कित्येक बागाइतदार कर्जांत बुडाले. तो पदार्थ मात्र वरील कुळांतला नव्हे. तो पाण्यांत विरघळतो, चरबींत सांठत नाहीं. सर्व फवारणीस एकाच मापानें मोजणें हें अज्ञान आहे, आणि तें आमच्या शहरी आप्तांत फार. यापेक्षां आम्हांस दुसरीच गोष्ट खटकते. युरोपच्या ताटासाठीं द्राक्षाच्या प्रत्येक बागेची नोंद होते, नमुना प्रयोगशाळेंत जातो, अंश मोजला जातो. पुण्याजवळ मांजरी येथें त्यासाठीं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र काम करतें. हें उत्तमच आहे. आमच्या स्वतःच्या ताटांतील दुधाची तशी देशव्यापी झडती मात्र पूड उधळण्यास प्रारंभ झाल्यावर चाळीस वर्षांनीं झाली.

आतां पुन्हां आत्याबाईंच्या गांवाकडे. पुतण्यानें दाभोळच्या खाडीचें नांव उगाच काढलें नव्हतें.

नव्या काळांत या कुळाची एक नवी शाखा निघाली आहे. कार्बन व फ्लोरिन यांची सांगड घालून केलेले हे हजारों पदार्थ. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांस पीफास म्हणतात. न चिकटणारा तवा, पाणी न धरणारें कापड, आग विझवण्याचा फेंस, अशा अनेक ठिकाणीं ते वापरले गेले. कार्बन व फ्लोरिन यांचें बंधन रसायनशास्त्रांतील अत्यंत बळकट बंधनांपैकीं एक, त्यामुळें यांपैकीं पुष्कळ निसर्गांत मोडतच नाहींत. त्यांची एक खोड निराळी: यांतील प्रमुख पदार्थ चरबींत न बसतां रक्तांतील व यकृतांतील प्रथिनांस चिकटतात. शिडी तीच. मासा, मासे खाणारा पक्षी, सील, देवमासा, प्रत्येक पायरीवर वाढ. यांपैकीं पीएफओए हा पदार्थ माणसांत कर्करोग उत्पन्न करतो असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०२३ सालीं दिला.

इटलींत व्हिचेन्झा प्रांतांत त्रिस्सिनो या गांवीं मितेनी नांवाचा कारखाना हे पदार्थ करीत असे. त्याच्या सांडपाण्यानें भूगर्भांतील झरे दूषित झाले आणि सुमारें साडेतीन लक्ष लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न उपस्थित झाला. हें १९६० नंतरच्या दशकापासून चालू होतें. उघडकीस आलें २०१३ सालीं. मुलांच्या रक्तांत हे पदार्थ सांपडले तेव्हां आया रस्त्यावर आल्या. कारखाना २०१८ सालीं दिवाळखोरींत निघाला. जून २०२५ मध्यें तेथील न्यायालयानें त्याच्याशीं संबंध असलेल्या अकरा अधिकाऱ्यांस कारावासाच्या शिक्षा सुनावल्या. दरम्यान कारखान्याची यंत्रसामग्री लिलांवांत विकली गेली, समुद्रमार्गें हिंदुस्थानांत आली आणि रत्नागिरी जिल्ह्यांत लोटे परशुराम येथील औद्योगिक वसाहतींत उभी राहिली.

लोटे परशुराम! ज्या डोंगरावर चित्पावनांचें आराध्यदैवत, ज्यानें बाण सोडून समुद्र मागें हटवला असें आपण लहानपणीं ऐकलें, त्याच डोंगराच्या अंगाखांद्यावर ही वसाहत आहे. आमच्या तासगांवच्या पटवर्धनांचे मूळ पुरुष रत्नागिरीकडील कोतवड्याहून घाटावर आले, आणि त्यांच्या सर्वांत पराक्रमी वंशजाचें नांवही परशुराम. लोटे येथील शुद्ध केलेलें सांडपाणी दाभोळच्या खाडींत जातें. वाशिष्ठी व जगबुडी या नद्यांनीं ही खाडी भरते आणि तिच्यावर भोई व इतर मच्छीमारांचीं गांवें जगतात. खाडींत मेलेले मासे तरंगल्याच्या तक्रारी त्यांनीं या नव्या यंत्रांच्या कितीतरी आधींपासून केलेल्या आहेत. नव्या कारखान्यानें कांहीं अपराध केला असें आमचें म्हणणें नाहीं; तसें म्हणण्यास आमच्याजवळ आधार नाहीं. परंतु मेलेला मासा निदान दिसतो. ज्या पदार्थांविषयीं आम्ही लिहीत आहों त्यांनीं मासा मरत नाहीं, त्याचा रंग बदलत नाहीं, चव बदलत नाहीं, आणि तो बाजारांत ताजा म्हणून विकला जातो. खाडीचें पाणी, गाळ, मासे व कांठच्या गांवांतील दूध यांची तपासणी आज करून ठेवली तर दहा वर्षांनीं दुसरी तपासणी तिच्याशीं ताडून पाहतां येईल. आज केली नाहीं तर दहा वर्षांनीं जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवील. क्लिअर लेक, मिनामाता, व्हिचेन्झा, तिन्ही ठिकाणीं पूर्वीचा आंकडा कोणापाशीं नव्हता.

मासे खाणाऱ्या आमच्या सारस्वत स्नेह्यांस यांतून घाबरविण्याचा हेतु नाहीं. तारली, बांगडा अशी लहान, अल्पायुषी मासळी शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर असते. तिच्यांत पारा व इतर विषें कमी. मुशीसारखा दीर्घायुषी व दुसऱ्यांस खाऊन मोठा झालेला मासा वरच्या पायरीवर असतो. गरोदर स्त्रीनें व लहान मुलांनीं असे मोठे मासे बेतानेंच खावे. एवढा विवेक पुरेसा आहे.

पण शिडीची सर्वांत वरची पायरी माणूसही नव्हे. ती माणसाचें तान्हें मूल आहे. कॅनडाच्या उत्तरेस नुनाविक प्रदेशांत इन्युइट लोक सील व देवमासा यांच्या चरबीवर राहतात. क्वेबेकच्या शहरी स्त्रियांच्या दुधांतील विषाशीं तुलना करण्यास कोठें तरी निर्मळ नमुना हवा, म्हणून १९८० नंतरच्या दशकांत शास्त्रज्ञांनीं या बर्फांतल्या आयांचें दूध मागविलें. त्यांत पीसीबी शहरी आयांच्या सुमारें पांचपट निघाले. ऑर्का या मोठ्या सागरी सस्तन प्राण्याच्या नरांत विष वयाबरोबर वाढत जातें, मादींत मात्र बाळंतपणानंतर उतरतें. तें दुधावाटे वांसरांत गेलेलें असतें, आणि पहिलटकरणीचें वांसरूं सर्वांत मोठा वांटा घेतें. हें वाचून कोणा सुनेनें मुलास अंगावर पाजणें थांबवूं नये. जगांतील सर्व वैद्यकसंस्था आजही आईचेंच दूध श्रेष्ठ मानतात, आणि तसें मानण्यास भक्कम कारणें आहेत. पण ज्या घरांत बाळंतिणीस डिंकाचे लाडू व तुपाचा शिरा आवर्जून देतात, त्या घरास तूप कोठून आलें, म्हशीनें काय खाल्लें, हें विचारण्याचा हक्क आहे.

ऋषिपंचमीस घरांतील बायका बैलाच्या श्रमाचें कांहींएक खात नाहींत. परसांतली भाजी, हातानें उकरलेलें कंद, इतकेंच त्या दिवशीं चालतें. दुपारीं ती ऋषीची भाजी निवडतांना आम्हीं आत्याबाईंस वरील हकीगतींतील त्या वेळीं ठाऊक होती तेवढी सांगितली. त्यांनीं मध्यें कांहीं विचारलें नाहीं. रथ परत आला, गुलाल झटकून मंडळी घरीं आली, आणि दुसरे दिवशीं पहाटे त्या निघण्याच्या तयारीस लागल्या. पिशवी बांधतां बांधतां त्यांनीं पुतण्यास हांक मारली. "दिवाळीच्या सुट्टींत चिपळुणास ये. खाडीचें पाणी आणि आमच्या गवळ्याचें दूध, दोन्ही बाटल्यांत भरून देतें. तुझ्या कॉलेजांत बघून सांग."

"आत्याआजी, आमच्या कॉलेजांत तें यंत्र नाहीं. फार महाग असतें. आणि बाटलीही निराळी लागते."

"मग ज्यांच्याकडे असेल त्यांच्या नांवें पत्र लिही," आत्याबाई म्हणाल्या, "आणि सहीला मला पाठव. खालच्या वाडींतल्या भोयांच्या सह्याही मी घेऊन देतें."

पत्र त्यानें त्याच रात्रीं लिहिलें. काकूंनीं तें एकदां मोठ्यानें वाचून घेतलें, दुधाच्या ओळीखालीं तुपाचें नांवही घालावयास लावलें, आणि पाकिटावर पत्ता घालण्यास सांगितलें.